एका बैठकीचं काम

पेरूची बी समजून दीपमालानं जे जिभेच्या टोकावर आणलं, ती बी नव्हती. बी असती तर दाढेखाली कचकन आवाज झाला असता आणि विषय संपला असता. हे मात्र जड होतं, गार होतं. तिनं तोंडापुढं रुमाल धरला आणि ते हळूच तळहातावर घेतलं. ज्वारीच्या दाण्याएवढा करडा खडा. एक बाजू खडबडीत, दुसरी वर्षानुवर्षांच्या चावण्यानं चकचकीत झालेली. मुलींच्या आयटीआयमध्ये मधली सुट्टी चालू होती. भरतकाम शिकवणाऱ्या लुबना मॅडम खुलताबादच्या माहेराहून पिशवीभर पेरू घेऊन आल्या होत्या आणि तिखटमीठ भुरभुरवून सगळ्यांना फोडी वाटत होत्या. त्यांचं लक्ष बरोबर इकडं गेलं. ‘‘क्या हुआ मॅडम, दात टूट्या क्या?’’ त्यांनी विचारलं. दीपमाला म्हणाली, दात नाही, दाढेत भरलेली चांदी निघाली, जुनी होती. मग टाका की कचऱ्यात, असं म्हणून लुबना मॅडम पुढच्या फोडीकडं वळल्या. दीपमालानं टेबलावरच्या कापडाच्या चिंध्यांतून अस्तराचा एक तुकडा उचलला, खडा त्यात गुंडाळला आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला. दुखत मात्र काही नव्हतं. दुखलं असतं तर बरं झालं असतं, निदान काय करायचं ते कळलं असतं.

दुपारच्या तासाला ती मुलींना ब्लाउजला बाही कशी जोडायची ते शिकवत होती आणि तिची जीभ उजवीकडच्या खालच्या दाढेत जाऊन बसत होती. जीभ ही एक नंबरची भोचक बाई. एकदा कुठं काही उणं झालंय असं तिला कळलं, की ती हजारदा जाऊन चाचपून येणार. खड्ड्याची एक कड धारदार होती. आत, तळाशी, मऊसर काहीतरी लागत होतं. जीभ तिथवर पोचली की दीपमालाचं बोलणं अर्ध्यात थांबायचं, मुली सुई धरून तिच्याकडं बघत राहायच्या. खांद्याच्या खुणेपासून सुरुवात करा, चुणी पडू देऊ नका, असं काहीबाही ती सांगत होती. पण मनात एकच गोष्ट चालली होती. ही चांदी अपेक्षानं भरली होती. अपेक्षा म्हणजे तिची एकुलती एक लेक. आणि तिच्या हातचं या शरीरात राहिलेलं एवढंच काय ते होतं, तेही आज पेरूच्या फोडीबरोबर निघून आलं.

त्या गोष्टीला दहा-अकरा वर्षं झाली असतील. अपेक्षा दाताच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला होती. त्या कॉलेजात पोरांना ठरलेल्या संख्येएवढे पेशंट स्वतः पकडून आणावे लागत. कुणी रिक्षावाल्याला गाठायचं, कुणी मेसच्या आचाऱ्याला, कुणी बसस्टँडवर कंडक्टरला तोंड उघडायला लावायचं. एका पोरानं म्हणे स्वतःच्या घरमालकाच्या तिन्ही दाढा भरल्या आणि वर भाड्यात महिनाभराची सूटही मागितली. अपेक्षाला कुणाला विचारायचं म्हटलं की घाम फुटायचा. मग एका रात्री जेवताना तिनं बॅटरी घेऊन आईच्याच तोंडात डोकावून पाहिलं आणि आनंदानं ओरडली, की आई, तुला कीड आहे. कीड लागल्याचा एवढा आनंद कुणाला झालेला दीपमालानं आयुष्यात पाहिला नव्हता. दुसऱ्या आठवड्यात अर्धा दिवस रजा टाकून ती कॉलेजच्या त्या लांबलचक हॉलमध्ये खुर्चीवर जाऊन पडली. तीस खुर्च्या, तीस उघडी तोंडं, आणि पांढऱ्या कोटातली तीस घाबरलेली पोरं. अपेक्षाचा हात थरथरत होता. तो थरथरणारा हात हनुवटीवर टेकला होता, आणि दीपमालाला वाटत होतं, घे बाई हवा तेवढा वेळ. दीड तासानं चांदी भरून झाली. सर आले, त्यांनी दोन दाढांमधून बारीक दोरा सरकवून पाहिला. दोरा अडला नाही, सहज सुटून आला. फट राहिलीय, काढा, परत भरा, असं म्हणून ते पुढच्या खुर्चीकडं गेले. अपेक्षा बाहेरच्या पॅसेजमध्ये जाऊन रडून आली. डोळे पुसून पुन्हा बसली, पुन्हा दीड तास. या खेपेला दोरा अडला. सरांनी वहीत सही केली. घरी येताना स्कूटीवर मागं बसलेल्या दीपमालाचा जबडा ठणकत होता आणि तिच्या आयुष्यात इतका अभिमान तिला कधी वाटला नव्हता.

त्यानंतर घरावर लेकीचं राज्य आलं. सकाळ-रात्र दोनदा ब्रश, दोन मिनिटं, घड्याळ लावून. ब्रश झाल्यावर नुसतं थुंकायचं, खळखळून चूळ भरायची नाही, पेस्टमधलं औषध दातावर राहू द्यायचं. किती गोड खाल्लं याला महत्त्व नाही, दिवसातून किती वेळा खाल्लं ते बघायचं. म्हणून शिवताना घोट घोट पिऊन तासभर पुरवायचा चहा बंद. दीपमालाचे यजमान बद्रीनाथ जिल्हा परिषदेत हेडक्लार्क होते, साहेबांनाही न घाबरणारे. ते बेसिनपाशी लेकीच्या हुकुमाखाली ब्रश फिरवत उभे राहायचे आणि आरशातून बायकोकडं बघून डोळे मिचकावायचे. लहान लेकराच्या दातांची काळजी सगळे घेतात, पण खरी कीड लागते ती चाळिशीनंतर, हिरड्या खाली सरकल्यावर, असं अपेक्षा सारखं सांगायची. दातांच्या फटींसाठी तिनं मेणाचा दोरा आणून दिला होता. तो संपला तेव्हा दीपमालानं आपल्या रिळातला दोरा तोडून वापरला. शिवणाच्या बाईला दोऱ्याचा काय तोटा? अपेक्षानं ते पाहिलं आणि कपाळावर हात मारला. शिवणाचा दोरा हिरडी कापतो, भरलेल्या चांदीच्या कडेला अडकतो, उचकटून काढतो, पुन्हा असलं काही करू नको, असं तिनं दटावलं. दीपमालानं मान डोलावली होती.

ते हसणं-खिदळणं पुढं तीन दिवसांत बंद पडलं. बद्रीनाथच्या भावानं, सांडूभाऊजींनी, बिडकीनचं स्थळ आणलं होतं. मुलाकडच्यांची जमीन कारखान्यांच्या वसाहतीत गेली होती, हाती पैसा खेळत होता, मुलगा शिकलेला होता. सुनेला बिडकीनमध्येच दवाखाना बांधून द्यायचं त्यांनी आपण होऊन कबूल केलं. साखरपुडा झाला, पत्रिका छापून आल्या. आणि मग एक दिवस मुलगा फोनवर सहज म्हणून गेला, की दवाखाना टाकू, पण तू आपली बायाबापड्यांचे आणि लेकरांचेच दात बघ, पुरुषांच्या तोंडात हात घालायचा हे आमच्या घरात जमणार नाही. अपेक्षानं फोन ठेवला आणि बापासमोर येऊन सांगितलं, अर्ध्या गावाचे दात बघायला मी पाच वर्षं शिकले नाही, हे लग्न मोडा. बद्रीनाथ आधी हसले, मग चिडले, मग भावकीत तोंड कसं दाखवू यावर आले. दोन दिवस धुसफूस चालली. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी ते वाक्य टाकलं. लग्न करायचं नसेल तर बॅग भर. दीपमाला तेव्हा आतल्या खोलीत मशीनवर बसली होती, लेकीच्या लग्नातला ब्लाउज शिवत होती. अपेक्षा बॅग घेऊन दारात आली. ‘‘आई, तुला काय वाटतं?’’ तिनं विचारलं. एवढंच विचारलं. दीपमालानं मशीन थांबवलं नाही. खाली मान घालून ती शिवत राहिली. सुई खालीवर होत राहिली, मोटार घुर्रघुर्र करत राहिली. किती वेळ ते तिला कधीच सांगता आलं नाही. मान वर केली तेव्हा दारात कुणी नव्हतं आणि शिवण टोकापर्यंत वाकडी गेली होती. ती तिनं संध्याकाळी बसून उसवली.

या गोष्टीला चार वर्षं झाली. पडेगावात दौलताबाद रोडला एका शटरच्या गाळ्यात अपेक्षानं दवाखाना टाकलाय, मागच्या खोलीत ती एकटी राहते, एवढं इकडून तिकडून कळलं होतं. एकदा मुलींची सहल वेरूळला निघाली तेव्हा दीपमालानं मुद्दाम खिडकीची जागा धरली होती. पडेगाव आलं तशी तिनं खिडकीची काच सरकवली. हसऱ्या दाताचं चित्र काढलेली पाटी दिसली, आणि बस पुढं गेली. मागच्या वर्षी बद्रीनाथ हार्ट अटॅकनं गेले तेव्हा अपेक्षा आली होती. बायकांच्या घोळक्यात मागं उभी राहिली, बापाच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि तासाभरात पाणीही न घेता गेली. दीपमालाला त्या दिवशी सगळे मिळून धरून बसले होते. तिला धरून ठेवायची गरज नव्हती, उठवायची गरज होती, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. इतकी वर्षं ‘ह्यांना चालणार नाही’ हे वाक्य तिच्या हाताशी होतं. आता हेही राहिले नाहीत आणि ते वाक्यही राहिलं नाही. फोनमध्ये लेकीचा नंबर होता. रोज एकदा ती तो उघडून बघायची आणि बंद करायची.

तर चांदी निघाली त्या संध्याकाळी लुबना मॅडमनी सांगितलेल्या, सिडकोतल्या कॅनॉटच्या दवाखान्यात ती गेली. तिथला डॉक्टर सार्थक नावाचा पोरसवदा मुलगा होता, बोलायला गोड, हाताला हलका. त्यानं अस्तरात गुंडाळलेला खडा पाहिला आणि चिमट्यानं उचलून कचऱ्याच्या ट्रेमध्ये टाकून दिला. दीपमालाचा हात ट्रेकडं गेला, पण कुणी कचरा कचऱ्यात टाकला तर त्याला काय म्हणणार? मग त्यानं आरसा घालून दाढ पाहिली. जुन्या चांदीच्या कडेनं थोडी नवी कीड लागलीय, खोल नाही, नस लांब आहे, अर्ध्या तासाचं काम, एका बैठकीत होऊन जाईल, असं तो म्हणाला. ऐकून खरं तर तिनं सुटकेचा श्वास सोडायला पाहिजे होता. पण पुढं तो सहज बोलून गेला, की कुणी भरली होती ही, कड जरा घाईत बसवलेली दिसते. दीपमाला खुर्चीत ताडकन उठून बसली. घाईत नाही, तीन तास लागले होते, माझ्या मुलीनं भरलीय, असं ती जवळजवळ भांडायलाच उठली. डॉक्टर ओशाळला. सॉरी मॅडम, म्हणाला, मग त्या कुठं असतात आता? दीपमालानं सांगितलं, पडेगावला, तिचा स्वतःचा दवाखाना आहे. तो मनापासून चकित झाला.

‘‘मग तुम्ही इथं कशाला आलात?’’

ती लई बिझी असते, असं काहीतरी दीपमाला पुटपुटली, तपासणीचे पैसे दिले आणि जिना उतरून खाली आली. कॅनॉटच्या बागेभोवती पोरंपोरी आइस्क्रीम खात फिरत होती. तिच्या कानात तो प्रश्न वाजत होता. त्या पोराला काय ठाऊक, त्यानं सरळ विचारलं होतं.

तीन-चार दिवस तिनं तसेच घालवले. उजव्या बाजूनं चावायचं सोडलं, गार पाणी डाव्या गालाकडून प्यायला लागली. सकाळ-रात्रीचा ब्रश मात्र चुकवला नाही. तो तिनं या चार वर्षांत एकदाही चुकवला नव्हता, दोन मिनिटं, घड्याळ लावून, थुंकायचं पण चूळ भरायची नाही. बद्रीनाथनी लेक गेल्यावर आठवड्याभरात रात्रीचा ब्रश सोडून दिला होता. घड्याळाकडं बघत बेसिनपाशी उभ्या राहणाऱ्या बायकोला ते बघायचे आणि न बोलता जाऊन झोपायचे. लोक देवापुढं दिवा लावतात, ही दात घासायची. आणि घासून झालं की रिळातला दोरा. मेणाचा दोरा आणायला मेडिकलमध्ये जायचं, म्हणजे त्याचं नाव सांगायचं, म्हणजे ते कुणी शिकवलं ते आठवायचं. त्यापेक्षा हाताशी असलेला लाल, हिरवा, जो असेल तो. दोऱ्यानंच चांदी उचकटली असणार हे तिला आता पक्कं कळत होतं. जिची आठवण म्हणून ती रोज फटी साफ करत होती, तिचंच भरलेलं आपण रोज थोडं थोडं उपसत होतो, हे मनात आलं आणि ती बेसिनची कड धरून उभीच राहिली. मग तिनं आरशात पाहिलं. छप्पन्न वर्षांची बाई, डोळ्यांखाली काळं झालेलं. आपल्याला दात नको आहे, तिला वाटलं. आपल्याला तो हात पाहिजे हनुवटीवर. हे इतकं साधं होतं आणि चार वर्षांत तिनं ते मनातल्या मनातही म्हटलं नव्हतं.

शनिवारी अर्ध्या दिवसानं आयटीआय सुटल्यावर ती सिडकोतून सिटी बसमध्ये बसली. क्रांती चौक गेला, बाबा पेट्रोल पंप गेला, नगर नाक्यावर बस बराच वेळ अडकून राहिली आणि ती अडकलेलीच बरी असं तिला वाटत होतं. काय बोलायचं याची जुळवाजुळव तिनं छावणीपर्यंत तीनदा केली आणि तिन्ही वेळा पहिल्या वाक्याशीच अडली. कशी आहेस? असं विचारायला आपण कोण? माझं चुकलं? असं म्हटलं की ती म्हणेल, काय चुकलं, आणि मग सांगावं लागेल. शेवटी तिनं ठरवलं, काही बोलायचं नाही, दात दाखवायचा. तिनं बाहेर काढलं तर रिक्षा धरून घरी यायचं. पडेगावला उतरली तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं आणि रस्त्याच्या कडेला दौलताबादच्या पेरूंचे गाडे लागले होते.

गाळा दोन भागांत होता, मध्ये प्लायवूडची भिंत. बाहेर बाकावर तीन माणसं बसली होती, त्यांतला एक म्हातारा गाल धरून डुलत होता. तीन माणसांत दोन पुरुष, हे दीपमालानं न ठरवता मोजलं आणि तिला बरं वाटलं. टेबलामागं तिशीची एक बाई केसपेपर लिहीत होती, गळ्यात पट्टीला सरिता असं नाव. आतून यंत्राचा बारीक सुसाट आवाज येत होता. सरितानं वय विचारलं, शुगर-बीपी विचारलं, याआधी दात भरलाय का ते विचारलं आणि मग पेन उचलून म्हणाली, ‘‘पूर्ण नाव सांगा, ताई.’’

‘‘दीपमाला बद्रीनाथ शेजूळ.’’

आतलं यंत्र थांबलं. सरिताला त्याचं काही विशेष वाटलं नाही, यंत्र थांबतंच मधूनमधून. ती हसून म्हणाली, ‘‘आमच्या मॅडम बी शेजूळच हायेत की. तुमी भावकीतल्या का?’’

दीपमालानं प्लायवूडकडं पाहिलं. एवढं पातळ लाकूड, पलीकडं टाचणी पडली तरी ऐकू येईल. होय म्हणायला आणि खरं सांगायला तोंड एकच होतं, पण तिला वाटलं, आपण ‘आई’ म्हणायचं आणि आतून ‘नाही’ आलं तर? चार माणसांसमोर लेकीला पेचात कशाला पाडायचं, असं तिनं स्वतःला समजावलं. खरं म्हणजे ती घाबरली होती.

‘‘व्हय,’’ ती म्हणाली. ‘‘भावकीतलीच.’’

मग आतलं यंत्र पुन्हा सुरू झालं. दीपमाला बाकाच्या टोकाला जाऊन बसली आणि पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिली. परत एकदा, तिला वाटलं, परत एकदा मी मशीन थांबवलं नाही. उठून जावं असंही तिच्या मनात येऊन गेलं. पण म्हातारा गेला, दुसरी दोघं गेली, आणि तिचा नंबर आला.

अपेक्षा खुर्चीच्या मागं पाठमोरी उभी होती. डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, आणि वळली तेव्हा चष्मा. चष्मा नवीन होता. मधे फक्त डोळे. त्या डोळ्यांनी दीपमालाकडं एकदा पाहिलं आणि ते लगेच केसपेपरवर गेले. बसायचं. पर्स इथं ठेवायची. मान मागं. ती जे काही बोलली ते असंच, सगळ्या पेशंटना सांगतात तसं. दिवा पेटला. आ करायचं. आणि मग तो हात हनुवटीवर आला. दीपमालानं डोळे मिटून घेतले. हात आता थरथरत नव्हता. टेकणारं बोट नेमकं शेजारच्या दाताला टेकत होतं, मनगट गालाला लागत होतं, उबदार. साबणाचा वास येत होता आणि त्याच्याखाली, ओळखीचा, अपेक्षाच्या केसांचा. सुई टोचली तेव्हा तिला कळलंही नाही. अर्धा ओठ जड झाला, जिभेची एक बाजू हरवल्यासारखी झाली. यंत्र चालू झालं, पाणी उडालं, सरिता नळीनं पाणी ओढून घेत होती आणि उद्याच्या सुट्टीबद्दल काहीतरी सांगत होती. अर्ध्या तासाचं काम, त्या पोरानं म्हटलं होतं. दीपमाला पडल्या पडल्या मनातल्या मनात मिनिटं धरून ठेवत होती. असाच हात असू दे, काम संपू नये, एवढंच तिला पाहिजे होतं.

मग यंत्र थांबलं. अपेक्षा आणखी वाकली, चिमट्यानं दोन दाढांच्या मधून काहीतरी ओढलं. चिमटा उजेडात वर धरला. त्याच्या टोकाला लाल दोऱ्याचा विसविशीत तुकडा लोंबत होता, पाव इंचही नसेल. ती त्याच्याकडं बघत राहिली. ‘‘शिवणाचा?’’ तिनं विचारलं.

तोंडात नळी, अर्धी जीभ बधिर. दीपमालानं मान हलवली.

‘‘रोज?’’

पुन्हा मान.

‘‘कधीपासून?’’

दीपमालानं खुर्चीच्या हातावरचा पंजा उचलला, अंगठा दुमडला आणि चार बोटं वर धरली. चार म्हणजे काय हे खोलीतल्या दोघींना सांगावं लागत नव्हतं. तिसरी नळी धरून उभी होती, तिला वाटलं चार दिवस.

अपेक्षानं चिमटा ट्रेमध्ये ठेवला. हातमोजे काढले, कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेली आणि नळ सोडला. ती पाठमोरी होती. हात धुऊन झाले असतील, तरी नळ बराच वेळ चालू होता, आणि तिचे खांदे वर चढून तसेच राहिले होते. मग तिनं नवे हातमोजे घातले आणि परत येऊन स्टुलावर बसली. सरितानं पक्कं भरायचं सामान मांडलं होतं, तो घट्ट करणारा निळा दिवा हातात तयार धरला होता. अपेक्षा म्हणाली, दिवा ठेव, आज कच्चं भरू. सरिता बघतच राहिली. कच्चं कशाला, मॅडम, नस तर लांब आहे, साफ बी झालंय सगळं, असं तिनं म्हणून पाहिलं. अपेक्षानं स्वतःच काचेवर पांढरी भुकटी आणि तेलाचे दोन थेंब घेतले आणि कालवायला लागली. खोलीभर लवंगेचा वास पसरला. कच्चं भरणं म्हणजे काय, हे दीपमालाला ठाऊक होतं. लेक परीक्षेच्या तयारीला तिच्याच ओट्यावर काचेचा तुकडा ठेवून ते कालवायची. आठ दिवस टिकतं फार तर. मग काढून पक्कं भरायचं. दाढ खोल असली तर करतात, किंवा घाई असली तर. इथं दोन्ही नव्हतं.

भरून झालं. अपेक्षानं दिवा बाजूला सारला, खुर्ची सरळ केली. दीपमालानं चूळ भरली, रुमालानं ओठ टिपला, अर्धा ओठ तिचा तिला लागत नव्हता. सरिता केसपेपर घेऊन बाहेरच्या टेबलापाशी गेली.

‘‘एका बैठकीत होत नाही का गं हे?’’ दीपमालानं विचारलं. शब्द वाकडे आले.

अपेक्षानं मास्क खाली ओढला. चेहरा वाळला होता, नाक लाल झालं होतं. ‘‘होतं,’’ ती म्हणाली. ‘‘मला नाही करायचं एका बैठकीत.’’

दीपमाला तिच्याकडं बघत राहिली. त्या दिवशी, ती म्हणाली, त्या दिवशी मी मशीन… आणि बधिर जीभ दातांना अडखळली, लाळ हनुवटीवर आली, आणि तिला रडूच फुटलं. अपेक्षानं कापसाचा बोळा घेतला आणि तिची हनुवटी पुसली, पेशंटची पुसतात त्याहून जरा जास्त वेळ.

‘‘आत्ता नको बोलू, जीभ चावशील,’’ ती म्हणाली. ‘‘मंगळवारी बोल. मी ऐकते.’’

मग ती दारापर्यंत गेली, प्लायवूडच्या कडेला हात ठेवून बाहेर डोकावली. बाकावर दोन नवे पेशंट येऊन बसले होते.

‘‘सरिता,’’ ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, ‘‘मंगळवारचा शेवटचा नंबर आईला दे. तिच्यानंतर कुणाला घेऊ नको.’’